दोन्हीकडे एकच चूक

एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाने एका शिक्षिकेला फसवलं. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

वारंगा फाट्यावर बस बदलताना त्या माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला आल्या. कागद दोन्ही हातांनी द्यायच्या आणि परत घेताना कोपरे जुळवायच्या. त्यांनी कॉलेजात केलेल्या एम.फिल.च्या वर्गांचे क्रेडिट पीएच.डी.च्या सक्तीच्या वर्गांसाठी धरायला विभागाने नकार दिला होता. म्हणे दोन्ही अभ्यासक्रम वेगळे. पुन्हा सहा महिने वर्गात बसायला शाळा रजा देत नव्हती, म्हणजे प्रवेशच जाणार.

झेरॉक्सला दिलेल्या कागदांतले दोन्ही अभ्यासक्रम मी शेजारी-शेजारी ठेवले. 'गृहीतक' हा शब्द दोन्हीकडे त्याच ओळीत 'गृहीकत' छापला होता. माझं डोकं फिरलं.

"ताई, यांनी तर तुमच्याच कॉलेजचा उतरवून घेतला. चला, मी भांडतो. निम्मे क्रेडिट तरी पदरात पाडतो."

त्या हसल्या. "मी सूट मागून न्हाई राहिले, दादा. शिकले ते शिकले म्हणा, एवढंच."

घासाघीस करूनच मी हे दुकान उभं केलं. निम्म्यावर तुटलं की मी जिंकलो समजायचो. त्या दिवशी मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

'अभ्यासक्रम वेगळा' असा शेरा मारून सही करणाऱ्याने ती 'गृहीकत'ची ओळ वाचली होती का, हे त्याने त्या बाईंना लेखी द्यावं.