पिशवी आणि रबरबँड

विजय नगरात आमच्या शेजारी राहणारे काका दिसेल त्या वस्तूला प्लास्टिकची पिशवी चढवतात. टीव्हीचा रिमोट, स्कूटरची सीट, दाराची बेल, सगळं पिशवीत आणि वर रबरबँड. त्यांच्या सोफ्यावर बसलं की प्लास्टिक असं करकरतं, की पाहुणा पुन्हा हलायला धजत नाही.

एका रविवारी त्यांच्या लेकीच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच येणार होती आणि अंगणात गवत माजलं होतं. काकांची गवत कापायची मशीन मात्र दोन पट्टे कापले की बंद पडायची. काका टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचे, झाकण लावून त्यावर पिशवी बांधायचे. मशीन सुरू व्हायची, पुन्हा बंद.

"काहून बंद पडून राहिली ही?" काका तिच्यावरच ओरडले.

"अहो, मिस्त्रीला बोलवा ना," काकू दारातून म्हणाल्या.

पुढच्या वेळी झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला. काका थबकले. झाकणावरचं बारीक भोक त्यांनी चाचपलं, मग हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"अच्छा! इथून हवा आत जाते, तेव्हा पेट्रोल खाली उतरते. मी हिला श्वासच नाही घेऊ देऊन राहिलो!"

पिशवी फेकून त्यांनी दोरी ओढली. मशीन जी गरजली, ती सगळं अंगण कापूनच थांबली. गवताने माखलेले काका मूठ उंचावत थेट घरात घुसले. कुंपणापाशी उभा राहून हे बघत असलेला मीही मागोमाग गेलो. त्यांनी सोफ्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"बस आता," ते काकूंना म्हणाले.

काकू बसल्या. कुठेच काही करकरलं नाही.