मांडीवरची मूर्ती आणि नियम क्रमांक सात

दिनांक १६ नोव्हेंबर २०२४, शनिवार, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. सीताबर्डीजवळच्या एका सभागृहाच्या दारात माझी आई कौसल्या, वय एकाहत्तर, हिला आमच्या चित्रपट मंडळाने आत सोडले नाही. ही तक्रार मी त्याच आठवड्यात लेखी दिली. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून येथे नोंदवतो.

त्या दिवशी आम्ही इंदोऱ्याचे भाड्याचे घर सोडून मनीषनगरला जात होतो. सामान ट्रकमध्ये चढले, किल्ली घरमालकाच्या हाती गेली आणि मग नव्या इमारतीतून फोन आला, की सामानासाठी लिफ्ट आठनंतरच मिळेल. ट्रक तिकडे जाऊन उभा राहिला. आमच्याकडे तीन तास उरले होते आणि मंडळात जपानी चित्रपट होता.

"बुद्धाचा देश हाय ना गा तो? मंग चाल," आई म्हणाली.

आईने एका प्रसूतिगृहात चौतीस वर्षे आया म्हणून काम केले. एवढ्या काळात थिएटरात चित्रपट पाहिले तीन. त्यातलाही एक मध्यंतरापर्यंत, कारण ड्यूटीवर बोलावणे आले. घरे मात्र पाच बदलली. दर वेळी तिचा एकच नेम: बुद्धमूर्ती सामानात जात नाही. वीतभर उंचीची, कानाचा टवका उडालेली ती मूर्ती पांढऱ्या कापडात गुंडाळून, थैल्यात घालून आई मांडीवर घेते, नव्या घरात सर्वांत आधी नेते आणि तोवर कुठेही टेकवत नाही.

दारावरच्या भैय्याजींनी हेल्मेटांच्या रॅककडे बोट दाखवले. "आजी, थैला तिथं ठेवा. अंदर सामान अलाउड नाही."

"सामान नाही बाप्पा, बुद्ध हाय. कोनाच्या हेल्मेटखाली ठेवू?"

मंडळाचे सचिव मधुसूदनराव आले. ते अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही. "काकू, नियम क्रमांक सात सर्वांना सारखा. आपलं मंडळ समता मानतं."

"समता मले शिकवून राहिले का जी तुमी?"

मधुसूदनराव मनापासून हसले. नियम हलला नाही. त्याच क्षणी एक सभासद लॅपटॉपची भरगच्च बॅग घेऊन आमच्या शेजारून आत गेले. ते बहुधा सामान नसावे, विद्वत्ता असावी.

अर्धा चित्रपट तू पाहा, अर्धा मी पाहतो, मूर्ती आळीपाळीने धरू, असे मी सुचवले.

"अन् खालची इंग्रजी अक्षरं मले कोन वाचून सांगन? जाय तू. दोघं बाहेर बसून काय फायदा? पाहून ये अन् मले सांग."

मी गेलो. हेही नोंदवणे भाग आहे. जायला नको होते. नऊ वर्षांचे सभासदत्व आणि दुर्मीळ चित्रपट ही कारणे मी स्वतःला दिली, आणि ती मला तेव्हा पुरली.

चित्रपटात एक म्हातारा गावचे घर बंद करून मुलाच्या शहरात राहायला निघतो. पूर्वजांचे लहानसे देवघर तो लांबच्या आगगाडीच्या प्रवासात गुडघ्यांवर धरून बसतो, खाली ठेवत नाही. माझ्या दोन्ही बाजूंना रुमाल निघाले. नंतर मधुसूदनरावांनी 'वस्तूंमधील माणूसपण' या विषयावर वीस मिनिटे अभ्यासपूर्ण विवेचन केले. मी प्रश्नासाठी हात वर केला तेव्हा वेळ संपली होती.

बाहेर आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर थैला, एका हातात भैय्याजींनी आणून दिलेला चहा. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाविषयी तिच्या सूचना चालू होत्या. उठताना तिचा पाय इतका बधिर झाला होता की भैय्याजींनी आणि मी तिला धरून ऑटोपर्यंत नेले. मूर्ती तिने आम्हा दोघांकडेही दिली नाही.

ऑटोत मी सगळी गोष्ट सांगितली.

"त्या बुढ्याले पोराच्या बिल्डिंगीत मंधात घेतलं का?"

"घेतलं."

"कोनी थैला नाही मांगला?"

"नाही."

"मंग असन तो बुद्धाचा देश," ती म्हणाली आणि रस्त्याकडे पाहू लागली.

माझी मागणी स्पष्ट आहे. त्या अंधारात ज्यांनी डोळे पुसले त्या सभासदांनी, आणि हे वाचणाऱ्या इतर सभासदांनीही, येत्या वार्षिक सभेला उपस्थित राहावे आणि नियम क्रमांक सात रद्द करण्याच्या ठरावाला हात वर करावा. तो चित्रपट पुन्हा लावावा आणि कौसल्याबाईंना एक खुर्ची द्यावी. मूर्ती मांडीवर राहील. तिच्यासाठी वेगळी खुर्ची आम्ही मागत नाही.