चांदणीचं चूलबंद आवतण

साखर कारखान्याच्या कोल्हापुरातल्या कचेरीत १९८७ साली युनिक्सचं यंत्र आलं. पडद्याला हळदकुंकू लागलं. चेअरमननी भाषण केलं. ते सयाजीनं लिहिलेलं. तो मराठी घेऊन एम. ए. झाला होता, त्यामुळं कारखान्याला त्याचा दुसरा उपयोग नव्हता.

यंत्र चालवायला मेहमुदा आली. गडहिंग्लजची, टायपिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली. नेमणूक तात्पुरती. गावोगावच्या उसाच्या नोंदी भरून झाल्या की घरी. घरी चंदगडचं एक स्थळ काजूच्या बागेसकट वाट बघत होतं. तिला स्थळ नको होतं. तिला कायम व्हायचं होतं.

सयाजी तिच्या पडद्यावरची चिन्हं बघून थक्क व्हायचा.

"ही चांदणी कशाला?"

"चूलबंद आवतण," मेहमुदा म्हणाली. "पाटील लिवून चिकटून चांदणी दिली की पाटलाच्या घरातली झाडून सगळी. चूल पेटवायचीच न्हाय."

"आणि प्रश्नचिन्ह?"

"एकच पान. कोण का येईना, पर एकच."

"ही उभी रेघ?"

"पाट की वो! ह्या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात."

सयाजीनं उमेदीची वर्षं अलंकारशास्त्रावर घालवली होती. त्यानं तिन्ही रूपकं वहीत उतरवून घेतली.

नोंदी संपत आल्या. चेअरमन बघायला येणार म्हणून हेडक्लार्क आकारामबापूंनी फर्मावलं, "ती चाचणीची घाण काढा पयली. सारवल्यागत दिसाय पायजे."

यंत्र तपासायला केलेल्या त्या फायलींची नावं 'चाचणी'नंच सुरू व्हायची. मेहमुदानं पुसायचा हुकूम लिहिला, पुढं 'चाचणी' लिहिलं, चांदणी दाबली. मधे अंगठा पडला. टायपिंगच्या क्लासात शब्द संपला की अंगठ्यानं जागा सोडायची, नाहीतर मास्तरांची पट्टी. त्याच अंगठ्यावर ती जिल्ह्यात पहिली आलेली.

यंत्रानं एवढीच कुरकुर केली की, 'चाचणी' नावाचं कोणी घरात नाही. बाकीच्यांबद्दल ते काही बोललं नाही. बाकीचं कोणी उरलंच नव्हतं.

"सयाजीराव," मेहमुदा म्हणाली, "चांदणी सुटी पडली. पाटलाला येगळं आवतण गेलं, आन् चांदणीचं सगळ्या गावाला."

"जेवायला?"

"न्हाय. पुसायला. गेल्या सगळ्या नोंदी."

प्रती काढून ठेवायला टेपा हव्या होत्या. त्यांच्या खरेदीचा ठराव संचालक मंडळापुढं होता. मंडळ अभ्यास करत होतं.

चेअरमन आले. मेहमुदानं काही लपवलं नाही. चांदणी, जागा, अंगठा, सगळं सांगितलं. चेअरमनना युनिक्स कळलं नाही, चूलबंद कळलं. गावजेवणं घालूनच ते निवडून आले होते.

"मग पोरी, पंगत परत बसवाय किती दीस?"

"दोन वर्सं तरी, आण्णा."

"बसवणार कोण?"

आकारामबापू छताकडं बघू लागले. सयाजी एम. ए. होता.

"मग हिला कायम करा," चेअरमन म्हणाले. "सगळं भरलं असतं तर हिला घालवलीच असती की न्हाय? आन् बापू, ती चांदणी उपटा. परत भानगड नको."

चांदणी आठाच्याच बटनावर होती. बापूंनी पकड आणून ते उपटलं.

चंदगडला नकार गेला. मेहमुदा सोमवारी पहिल्या गावापासून भरायला बसली. तेव्हापासून त्या कारखान्यात कुणाचाही ऊस अठ्ठ्याऐंशी टन भरला नाही. एकोणऐंशी तरी, नाहीतर एकदम नव्वद.