पाय झाडून बघणारा

आमच्या शेजारच्या संशोधकाला मोबाईलची गरजच नव्हती. तो बोलायला लागला की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं.

चपला घ्यायला गेला की दुकानदार कपाळाला हात लावायचा. हा पठ्ठ्या एकेक चप्पल पायात घालून पाय झाडायचा. उडाली ती बाद.

"आमच्या लॅबमधी ह्येच चालतंय की! डीएनएचे बारके तुकडे कॅन्सरच्या पेशींवर सोडायचे आन् धुवायचं. धुऊनबी धरून बसतंय त्ये अ‍ॅप्टॅमर. गाठ हुडकायला त्येच, औषध पोचवायलाबी त्येच!"

माझ्या बायकोला गाठ निघाली. तिनं विचारलं, "भावजी, तुमचं औषध मला मिळंल?"

पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "न्हाय वैनी. अजून काचेच्या नळीतच हाय. डॉक्टरांचंच घ्या."

केमोच्या दिवशी मात्र हा रिक्षा घेऊन दारात हजर. पुढंही दर वेळी. ही वैतागून म्हणायची, "जावा की कामाला!" हा ढिम्म.

ही बरी झाली. परवा चपलांच्या दुकानात तो पाय झाडताना दिसला, तशी हसून म्हणाली, "आम्हीबी लई झाडून बघितलं, भावजी. तुम्ही काय सुटला न्हाय."