तराजूवरचे चार पिस्टन

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराची जुनी मोटार आमच्या घरी आली. नवरा तिच्यातून परभणी, झरी, जिंतूर अशी उतारूंची ने-आण करायचा. तो वारल्यावर मी ड्रायव्हर ठेवला. मोटार माझ्या नावावर होती, पण घरात शब्द दिराचा चालायचा, आणि बाईमाणसाने मोटारीचा धंदा करावा हे त्याला मान्य नव्हतं. इंजीन निळा धूर सोडू लागलं तशी त्याने मुदत घातली: महिनाअखेरच्या बाजारापर्यंत गाडी सुरू झाली नाही तर विकायची. मी गप्प राहिले. त्याने तो होकार धरला आणि सेलूचं गिऱ्हाईक ठरवून टाकलं.

गाडी दुरुस्त करणाऱ्या उस्तादांनी इंजीन खोललं. सिलिंडर झिजले होते. ते नांदेडला बोअर करून, म्हणजे आतून कातून आणले. भोकं मोठी झाली, म्हणून पिस्टनही मूळ मापाहून मोठे, तीस नंबरचे लागणार होते. हैदराबादहून चार आले. चारींच्या डोक्यावर तीसच उमटवलेलं. मी ते रॉकेलने धुतले, पालथे केले. तिघांची भिंत आतून सारखी, चौथ्याची जाड.

"उस्ताद, हा यांच्यातला नाही."

"निशान एकच हाय बाई. माप बराबर हाय."

माप बरोबरच होतं. पण एक पिस्टन जड असला की इंजीन थरथरतं, बेअरिंग खातं, हे त्यांनीच माझ्या नवऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं होतं. शेजारच्या दुकानातून तराजू आणवला. उस्तादांनी एका पारड्यात जाड पिस्टन ठेवला, दुसऱ्यात साधा. काटा सरळ. शेजारी उभा दीर म्हणाला, "वहिनी, मोटारीचं सामान हाय, वांगी न्हाईत."

माझं माहेर किराणा दुकानदाराचं. परक्या तराजूवर पारडी बदलल्याशिवाय आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नसे. मी पिस्टनांची अदलाबदल केली. जाडाचं पारडं सरळ खाली गेलं. तराजूलाच पासंग होता, एक पारडं मुळात हलकं. उस्तादांनी स्वतः पुन्हा तोलून पाहिलं आणि तराजू खाली ठेवला.

दिराने तोड काढली: आतून कानशीने घासा आणि बाजाराआधी गाडी सुरू करा. मी नाही म्हटलं. घासलेला पिस्टन जिंतूरच्या चढावर फुटला तर गाडीतल्या उतारूंचा जीव माझ्या माथी. तो जाड पिस्टन हैदराबादला परत पाठवला.

बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक आलं. मोटार विटांवर होती. मी त्यांना चहा दिला आणि मोटार विकायची नाही, असं सांगितलं.

"वहिनी, मुदत ठरली होती."

"तुमी ठरवली होती, भावजी. मोटार माझी हाय."

चौथा पिस्टन यायला पुढे दहा दिवस लागले. तो आला तेव्हा उस्तादांनी मला न विचारता दोन्ही पारड्यांत तोलला.

पहिल्या खेपेला झरीपर्यंत दिराला मागच्या सीटवर बसवून नेलं. मागची काच मी मुद्दाम पुसून घेतली होती. तो वळून वळून धूर शोधत होता.