मुद्देमाल परत

आईचं मंगळसूत्र सापडलं असा पोलीस ठाण्यातून फोन आला, तेव्हा बाबांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. मी ऑफिसात होते. "बरं," म्हणाले, फोन ठेवला आणि समोरचं काम पुढे सुरू केलं. आनंद व्हायला हवा होता, निदान चीड तरी यायला हवी होती. काहीच झालं नाही.

चोरी भर सकाळची. आम्ही नाशिकरोडला राहतो. आई भाजी घेऊन येत होती. मोटरसायकलवर दोघं आले, मागच्याने विचारलं, "मावशी, दत्तमंदिर कुठंय?" आईने मेथीची जुडी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात लांब करून नीट दाखवलं. पत्ता विचारणाऱ्याला अर्धवट सांगणं तिच्या स्वभावात नाही. तिचं सांगून होईपर्यंत गळा मोकळा झाला होता. घरी आल्यावर बाबांना ती पहिलं वाक्य काय बोलली, तर "मी पत्ता बरोबर सांगितला होता हो."

मग बैल गेला नि झोपा केला. चौकात कॅमेरा लागला. कॉलनीतल्या बायका खोटं मंगळसूत्र घालू लागल्या, तेही ब्लाउजला आतून पिन लावून. ग्रुपवर 'नाशिक आता पहिल्यासारखं राहिलं नाही' हे वाक्य रोज सुप्रभातच्या फुलांखाली यायचं. शेजारी म्हणायचे गुन्हे वाढले, पेपरात यायचं गुन्हे घटले. आमच्या घरात मात्र एकच गोष्ट वाढली, बाबांची भीती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्म काढलेला माणूस. त्या यंत्रांच्या घरघरीत डबा खाऊन वर डुलकी काढणारा. तो मोटरसायकलच्या आवाजाने दचकू लागला. आईला दुधालासुद्धा एकटीला जाऊ देईना. गळ्यात नुसती काळी पोत, पण रस्त्यावर "झाक, झाक," चालूच. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात जायचे आणि येऊन चप्पल काढता काढता "तपास चालू आहे" म्हणायचे, जणू तपास तेच करत होते. मला त्यांचा वैताग यायचा. मग एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काळी पोत आईने स्वतःच काढून ठेवली.

फोननंतर चांदवडच्या मावशीने सल्ला दिला, "आता काय करती त्याचं? मोडून टाक, दोन बांगड्या व्हतील." आई म्हणाली, "आधी हातात तर येऊ दे." तिला ते हवं होतं. का, ते मी विचारलं नाही.

ते असंतसं मिळणार नव्हतं. मुद्देमाल परत करायचा समारंभ होता. हॉल, स्टेज, हार घातलेली तसबीर, सगळं साग्रसंगीत. भाषणात टक्केवारी सांगितली, शहर कसं सुरक्षित आहे तेही सांगितलं. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालेला कार्यक्रम सुरू झाला: जोडप्याने वर यायचं, साहेबांनी डबी द्यायची आणि नवऱ्याने ते मंगळसूत्र बायकोच्या गळ्यात घालायचं. टाळ्या, फोटो. एकाला तर नाव घ्यायला लावलं. लोक खूश होते. मी पंख्याकडे बघत बसले.

आईचं नाव पुकारलं. उठून तिला थांबवावं असं वाटलं, पण उठले नाही. ती एकटीच वर गेली. निवेदिका बिचारी वयाने लहान, हसून माइकवर म्हणाली, "काकू, काका कुठे आहेत? लाजू नका, बोलवा काकांना!"

आईने माइककडे तोंड केलं. "चोरी झाली तेव्हा होते," ती म्हणाली. "आता नाहीत."

साहेबांनी डबी घाईने तिच्या हातात दिली आणि नमस्कार केला. आता ती खाली येईल असं सगळ्यांना वाटलं. तिने तिथेच डबी उघडली, मंगळसूत्र काढलं आणि दोन्ही हात मानेमागे नेऊन स्वतः घातलं. फासा लागायला वेळ लागला. मदतीला कोणी पुढे आलं नाही. टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत.

बाहेर रस्त्यावर ती तशीच चालू लागली, उघड्या गळ्याने. वाट्या उन्हात चमकत होत्या. माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य निघालं, "आई, झाक ते."

"कशाला?"

"कोणी ओढेल."

"ओढू दे," ती म्हणाली. "मला कधी भीती वाटली गं? त्यांचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून झाकत होते. आता कोणासाठी झाकू?"