दुपट्ट्याखालचा रिचार्ज

ठरलेली किंमत नावाची गोष्ट या जगात नाहीच, ती फक्त भित्र्या गिऱ्हाइकांसाठी छापलेली असते, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. वडनेर भोलजीत राहून मामांनी उभा जन्म बैलबाजारात दलाली केली. आसपासच्या तीन-चार तालुक्यांत ज्याच्या दावणीला बैल, त्याच्या खिशात मामांचा नंबर, अशी एके काळी स्थिती होती. पुढे ट्रॅक्टर आले, बाजार बसला, मामांचे गुडघेही बसले. पण सौदा करायची हौस काही बसली नाही. एसटीचं तिकीट सोडलं तर मामांनी घासाघीस न करता घेतलेली एकही वस्तू मला आठवत नाही, आणि तिकिटाच्या बाबतीतही एका कंडक्टरचं मत वेगळं आहे.

यात विशेष असं की मामा भाव कधीही तोंडाने सांगत नाहीत. बैलबाजाराची रीतच ती. खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकायचा, त्याच्या आड समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे दोघांनाही बैलाकडे पाहून कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा किती जणांत झाला, तर दोघांत. “तोंडानं भाव सांगनारा मानूस बाजार बिघडोते,” असं मामांचं ठाम मत. बाजार बसल्यावर त्यांनी ही रीत उरलेल्या जगाला लावली. मुलीच्या लग्नात मंडपवाल्याचा हात त्यांनी दुपट्ट्याखाली इतका वेळ धरून ठेवला होता की त्याला वाटलं, मामांना गहिवरून आलंय. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी तपासायला म्हणून यांची नाडी धरली, तर मामांनी वरून दुपट्टा टाकून फी सांगितली. बाईमाणसाचा हात मात्र धरायचा कसा, म्हणून भाजीबाजार पहिल्यापासून मामींकडे आहे.

आणि मामी त्यात मामांनाही भारी आहेत. मामींना जन्मापासून ऐकू येत नाही, त्या बोलतही नाहीत. भाजीवालीने बोटांनी वांग्यांचा भाव दाखवला की त्या तिच्याकडे नुसत्या पाहत उभ्या राहतात. दोन मिनिटांनी ती बिचारी आपणहून खाली येते. पण मामी गप्प आहेत असं कोणी समजू नये. त्यांच्या हातांइतकी बोलकी जीभ मी आमच्या घराण्यात पाहिलेली नाही. कोणाची सून माहेरी गेली, कोणी भिंत हातभर पुढे सरकवली, कोणाच्या म्हशीला काय झालं, हे सगळं त्या हातांनी असं सांगतात की प्रत्यक्ष जाऊन पाहायची गरज उरत नाही. मी त्यांच्या भाषेत ‘नाकावरून घसरणारा चष्मा’ आहे. ही भाषा घरात तिघांनाच पुरती येते: स्वतः मामी, मामा आणि त्यांची एकुलती एक मुलगी. ती मुलगी आता सुरतेला असते.

रोज संध्याकाळी मामींचं तिच्याशी व्हिडिओवर बोलणं चालतं. आपण फोन कानाला लावून काम भागवतो. मामींना माणूस दिसावं लागतं. शिवाय मामी एका जागी बसून बोलणाऱ्या नाहीत. बकरीचं पिल्लू दाखवायला गोठ्यात, वाळत घातलेली तूर दाखवायला गच्चीवर, आणि सरकलेली भिंत पुराव्यासह दाखवायला थेट परसात, असा सगळा दौरा असतो. मागून मामा फोन धरून चालत असतात. कंपनीने दिवसाला ठरवून दिलेलं नेट या दौऱ्याच्या मध्यावर कुठेतरी संपतं. मग पडद्यावरची मुलगी अर्धा डोळा मिटून थिजते आणि मामींचा हात हवेत तसाच राहतो. कंपनी अमर्याद बोलणं फुकट देते म्हणून आपण खूश असतो. मामींना त्या फुकट बोलण्याचा काडीचा उपयोग नाही.

हे असंच चालत राहिलं असतं. पण शेजारच्या पोराने त्याच कंपनीचं नवीन सिम घेतलं आणि मामा भरतात तेवढ्याच पैशांत त्याला दुप्पट नेट मिळालं. त्या दिवसापासून मामांना चैन पडेना. मी दर महिन्याला जादा नेटचे पैसे भरायची तयारी दाखवली, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषयच बदलला. शेजारच्या पोराने सुचवलं, “मामा, जुनं सिम फेकून द्या, नवं घ्या, सोपं हाये.” मामा म्हणाले, “काही लोक म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून त्याले पुन्हा बाजारात नेतात. म्या जन्मात तसा बैल इकला नाई, तं आता सोता शिंगं रंगवून जाऊ काय? म्या जुना हाओ. जुन्याले नव्याइतकं भेटलंच पाह्यजे.” आणि त्यांनी कंपनीशी सौदा सुरू केला.

कस्टमर केअरच्या मुलींशी झालेले मामांचे ते संवाद ज्याने ऐकले नाहीत, त्याच्या आयुष्यात काहीतरी राहून गेलं. मामा सुरुवातीला “जय भीम” म्हणत. मग गाव विचारत, जेवण झालं का विचारत, तिकडे पाऊसपाणी कसं आहे ते विचारत. बैलाच्या मालकाला आधी हे विचारल्याशिवाय मामांनी कधी बैलाकडे मान वळवली नव्हती. तिकडची मुलगी हिंदीत विचारायची, “सर, आपको कौन-सा प्लान चाहिए, कितने तक का?” इथे मामा थांबत. आकडा तोंडाने सांगायचा नाही आणि फोनमधून हात धरता येत नाही. तेव्हा मामा गप्प बसत. मुलगी म्हणे, “हॅलो सर, आवाज आ रही है?” मामा गप्प. “सर, हम आपको तीन दिन का एक्स्ट्रा डेटा दे सकते हैं.” मामा गप्प. “सर, सात दिन का.” मामा खाकरत. अशा नुसत्या खाकरण्यावर त्यांनी एकदा दहा दिवसांचं नेट मिळवलं होतं. ही बातमी गावात फुटली आणि दर गुरुवारी लोक आपापले फोन घेऊन मामांच्या ओट्यावर येऊ लागले. मामा एकेकाच्या वतीने गप्प बसत. त्याची दलाली त्यांनी एक कप चहाच्या वर कधी घेतली नाही.

पण दहा दिवस म्हणजे दहाच दिवस. अकराव्या दिवशी मामींचा हात पुन्हा हवेत राहायचा. मामांना कायमचा भाव हवा होता. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की कंपनी बदलायचा मेसेज पाठवला की जुनी कंपनी घाबरून फोन करते आणि चांगलं काही देते म्हणतात. मामांचा चेहरा उजळला. “म्हंजे बाजाराच्या फाटकापरेंत चालत जाचं,” ते म्हणाले, “मालक मागून हाक मारते. फक्त आपन वळून पाहाचं नाई.” त्यांनी तिथल्या तिथे शेजारच्या पोराकडून मेसेज पाठवून घेतला. उलट एक कोड आला. तो चार दिवस चालणार होता.

मी इकडे बुलढाण्यात कॉलेजच्या ऑफिसात बसून काळजी करू लागलो, कारण एक गोष्ट मामा विसरले होते. दुसऱ्या कंपनीची रेंज त्यांच्या घरात एकाच ठिकाणी येते, न्हाणीच्या मागच्या भिंतीपाशी. मामा खरंच फाटकाबाहेर गेले तर मामींना लेकीशी बोलायला तिथे, सांडपाण्यात उभं राहावं लागणार होतं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, कंपनीची हाक काही आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती यंत्राची. मामांनी नेहमीप्रमाणे मौन धरलं. यंत्राने तीनदा विचारलं, एक दाबा, दोन दाबा, आणि मग ‘आपण कोणताही पर्याय निवडला नाही, धन्यवाद’ म्हणून फोन ठेवून दिला. मामांनी मला फोन करून सांगितलं, “भाचेबुवा, ही बाई लय पक्की हाये. माह्याआधी उठून जानारं कोनी म्या पयल्यांदा पाह्यलं.” मी म्हणालो, मग राहू द्या आता, आहात तिथेच राहा. मामा म्हणाले, “एकदा निंगालो म्हटल्यावर मांगं फिरता येते का? लोक काय म्हंतीन? उद्या जातो दुसऱ्या कंपनीत.”

त्याच संध्याकाळी मला मामींचा व्हिडिओ आला. शेजारच्या पोराने त्यांना सगळं खाणाखुणांनी समजावून दिलं असावं. मामी पाच मिनिटं बोलल्या. मला निम्मं कळलं, पण जे कळलं ते पुरेसं होतं. त्यात न्हाणी होती, चिखल होता, सुरत होती, मामांचा दुपट्टा होता आणि तो कुठे फेकायचा हेही होतं. शेवटी त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि हलवले नाहीत. मामी हात थांबवतात तेव्हा त्या रडत असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी मामांना फोन लावला आणि म्हणालो, सौदा मोडायच्या आधी मालकाला एकदा तोंड दाखवून यायचं असतं ना, कंपनीचं मोठं दुकान इथे बुलढाण्यात आहे. मामांना ही वाट मानाची वाटली. सकाळच्या गाडीने ते आले. मामी सोबत आल्या होत्या, कोणी चला न म्हणता.

दुकानात गारवा होता, काच होती, रांगेची चिठ्ठी देणारं यंत्र होतं. मामांनी दुपट्टा सोडवून हातावर घेतला होता. आमचा नंबर आला आणि आम्ही टेबलाशी जाऊन बसलो, तर समोर एक तरुण मुलगी. सुरतेच्या लेकीच्याच वयाची. मामांनी दुपट्ट्याकडे पाहिलं, त्याची घडी केली आणि तो परत खांद्यावर टाकला. “बोला काका, काय काम होतं?” ती म्हणाली. मामा गप्प. पण ती फोनवरची मुलगी नव्हती. तीही समोर शांतपणे पाहत राहिली. मागे रांग वाढत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामींनी कोपराने मामांच्या बरगडीत एक ढोसणी दिली.

मामा उठून उभे राहिले आणि बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायच्या आवाजात बोलले. “बाई, म्या तुमचं जुनं गिऱ्हाईक हाओ. बटनाच्या फोनापासून हाओ. नव्या पोराले देता तेवढं नेट मले त्याच भावात पाह्यजे. माही बायको हातानं बोलते. पोरगी सुरतेले हाये. नेट संपलं का हिचं बोलनं अर्ध्यात तुटते. मले बाकी काई नको.” आणि मग त्यांनी आकडा सांगितला. तोंडाने, सगळ्यांदेखत. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. ज्या माणसाने तो जन्मात एकदाच उच्चारला, त्याचा तेवढा मान मी राखतो. रांगेतली माणसं वळून पाहत होती. मामींना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझी बाही ओढून विचारलं, काय म्हणाले? मला त्यांच्या भाषेत ते सांगता येईना.

मुलीने मामींकडे एकदा पाहिलं, मग थोडा वेळ संगणकावर काहीतरी शोधलं. “आहे काका,” ती म्हणाली. “जुन्या ग्राहकांसाठी वर्षभराचा एक प्लान आहे. तो जाहिरातीत नसतो, कोणी येऊन मागितला तरच आम्ही लावून देतो. तुम्ही आधी का नाही मागितला?” मामांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने सांगायला मात्र त्यांनी साफ नकार दिला आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहून, पालथा घालून तिच्याकडे सरकवला. बसस्टँडवर गाडीत चढताना ते मला हळूच म्हणाले, “गावात सांगू नको, म्या तोंडानं बोललो म्हून.” मी गावात सांगितलं नाही. इथे लिहितो आहे, पण मामा हे वाचणार नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी मी वडनेरला गेलो तेव्हा संध्याकाळ होती आणि मामा ओट्यावर एकटेच बसले होते. फोन आता मामींच्या ताब्यात होता. नेट संपायची धास्ती गेल्यामुळे त्या तो कुठेही टेकवून निवांत बोलत, मागून धरून चालायला कोणी लागत नव्हतं. मी म्हणालो, “मामा, जिंकलात की तुम्ही.” मामांनी मान हलवली. मग म्हणाले, “पयले नेट संपे न, तवा तिचं अर्धं बोलनं हातातच राहे. मंग उरलेलं ती मले सांगे. पोरीले काय सांगाचं राह्यलं, कोनाच्या घरी काय झालं, समदं. अर्धा-अर्धा घंटा. आता तिचं समदं तिथंच सरते.”

“मग जुना प्लान परत लावून आणू का?” मी चेष्टेने विचारलं.

“नाई बा,” मामा म्हणाले. “तिचं पोट भरते ना.”

आतून मामींच्या बांगड्यांचा आवाज येत होता. बोलणं रंगात आलं की तो वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं. मामा तो ऐकत बसले होते, आणि मीही त्यांच्याशेजारी बसून तो ऐकत राहिलो.